सड्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या मैदानात बसायचं तर सोबत एक जुनं वर्तमानपत्र हवं. गॅलरी चिऱ्याची, त्यामुळे फेब्रुवारीतसुद्धा ऊन चढलं की बूड भाजतं. मुंबईचे क्रिकेट क्लब हंगामाआधी इथे सरावाला येतात, त्याला आम्ही कॅम्प म्हणतो. सामना नसतो, म्हणून हरण्याजिंकण्याचा घोर नाही. खेळाडू इतके जवळ असतात की कोच कुणाला काय बोलतो तेही ऐकू येतं. मी निवृत्त माणूस. घरी बसून बोलणी खाण्यापेक्षा इथे गोदाच्या टपरीवरचं कोकम सरबत पीत दुसऱ्याची ऐकणं बरं.

पूर्वी इथे नुसता कातळ होता. लोकांनी खालच्या खाचरांतली माती डोक्यावरून वर आणली, तेव्हा कुठे गवत धरलं. त्या लोकांतला शेवटचा उरलेला म्हणजे भागोजी. संगमेश्वरकडून माती टाकायला आला आणि माळी म्हणून कायमचा राहिला. गॅलरीखालच्या खोलीत झोपायचं, उजाडलं की पिचवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा. आता रोलर ओढताना तो मध्येच दांडीवर ओणवा होऊन थांबतो. लांबून वाटतं, काहीतरी शोधतोय. तो फक्त दम खात असतो.

बायको काशी गावीच राहिली. "मना येकदा तुमचं मैदान दाखवा," असं ती दरवर्षी म्हणायची, आणि हा म्हणायचा, "कॅम्प संपू दे." कॅम्प संपेपर्यंत शेत भाजायची भाजावळ यायची, मग पेरणी. अशीच वर्षं गेली. आता काशीला काचबिंदू झालाय. एक डोळा गेला, दुसऱ्याने सावल्या दिसतात. त्या सावल्या दिसतायत तोवर भागोजीला तिच्याजवळ जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. पण मैदानाच्या समितीचं उत्तर ठरलेलं, "एवढा कॅम्प काढा, मग बघू." मला त्या समितीचा मनस्वी राग येतो.

कुणी म्हणेल, सरळ निघून जायचं. पण मैदानाच्या कडेला करवंदीच्या जाळीत राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड आहे. कामाला लागताना भागोजीने त्याच्यापुढे नारळ ठेवून शब्द दिला होता, की ही जागा मी सांभाळीन. तो शब्द तिथेच सोडवून घ्यायला हवा, असं त्याचं म्हणणं.

यंदा समितीला नवे सचिव आले, अभय. माणूस उत्साही, पण पुण्यात वाढलेला. कॅम्पच्या आदल्या दिवशी भागोजी त्यांना म्हणाला, "साहेब, सकाळी पयलं गाराणं घालायचं हाय."

"गाऱ्हाणी कॅम्प झाल्यावर ऐकू, भागोजी. उद्या पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर तक्रारी नकोत."

सकाळी संघ येऊन उभा राहिला, तरी रोलर जागचा हलेना. भागोजी त्याच्यावर हात ठेवून उभा. "गाराण्याबिगर पिचला हात लावणार नाय," एवढंच तो म्हणाला. शेवटी गोदा टपरी सोडून आली आणि तिने सचिवांना समजावलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. ते देवापुढे चारचौघांच्या साक्षीने मोठ्याने मागितलेलं मागणं असतं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची.

अभय फार ओशाळले. चूक भरून काढायला सगळ्यांना घेऊन तेच राखणदाराच्या दगडापुढे जाऊन उभे राहिले. भागोजीने नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, ही पोरं लांबून आली हायत. त्यांच्या हातापायाला इजा हू देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सचिवांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"बगायला येतात त्यांना सुखानं घरी पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आन तुज्या ह्या म्हाताऱ्यानं जो शबूद दिला व्हता, त्यातनं त्येला आज मोकळा कर. त्येला घरी जाऊ दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अभय ठणठणीत म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "भागोजी, हे असं मध्येच..."

"आता देवासमोर व्हय बोललात ना?" गोदा म्हणाली.

भागोजीने कमरेची किल्ली काढून सचिवांच्या हातात दिली. तो खूश होईल असं मला वाटलं होतं. पण इतकी वर्षं अडलेली गोष्ट इतक्या सहज सुटली, त्यानेच तो जास्त थकल्यासारखा दिसला. रोलर मुंबईच्या चौघा खेळाडूंनी ओढला.

गाडीला वेळ होता. भागोजी पिशवी घेऊन गॅलरीत आला आणि माझ्या शेजारी बसू लागला. मी अर्धं वर्तमानपत्र त्याच्याखाली सरकवलं. इतक्या वर्षांत त्याला इथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने सगळं मैदान नजरेखालून घातलं. हिरवं गवत, मधली तांबडी पट्टी, पलीकडे समुद्र.

"हितनं असं दिसतं व्हय," तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काशीला दिसत व्हतं तवा आणायला हवी व्हती."

त्याने पिशवी उचलली आणि उतरताना एकेका पायरीवर थांबत तो फाटकाकडे गेला.