रजिस्टरवरचा निळा डाग

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात डाग जपणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा निघावा! लोक डाग काढायला पावडर आणतात. आमचे साडभाऊ डाग दिसला की चष्मा पुसतात, खाली वाकतात आणि "वाह, क्या बात है" म्हणतात. जुने कागद धुंडाळायचे आणि त्यांवर बेतलेल्या चित्रप्रदर्शनांची पोस्टरं, फलक सजवायचे, हा त्यांचा धंदा. पुण्या-मुंबईत त्याला मान असेल बुवा. माझं आपलं वाशीमच्या स्टँडजवळ फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवसाचा माणूस आला की त्याला दोन मिनिटांत गोरा करायचा, सुरकुत्या पुसायच्या, खाली दहा शुभेच्छुक चिकटवायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. साडभाऊ मात्र माझं काम बघून नुसती मान हलवतात.

स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही यांनी स्वतःच केली. तिच्यात कोरी जागा एवढी, की सासऱ्यांना वाटलं छापायचंच राहून गेलं. त्यांनी बसून सगळ्या काका-मामांची नावं बॉलपेननं भरली. दुसऱ्या कुणी आकांतच केला असता. यांनी त्यातली एक पत्रिका फ्रेम करून भिंतीवर लावली! एकदा तर एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याच्या पिशवीचा विटका रंग आवडला म्हणून हा गृहस्थ त्याच्यामागे मेडशीला उतरला. इकडे जावयाची वाट बघत आमची पंगत ताटकळली आणि हे संध्याकाळी ती पिशवी घेऊन हजर.

गेल्या हिवाळ्यात केनवडच्या शाळेत प्रदर्शन ठरलं. शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं सापडली होती. कोणतं पोरगं कधी आलं, कधी गेलं, का गेलं, सगळं त्यात. एका चित्रकार बाईंनी त्यांवरून चित्रं काढली, आणि चित्रांशेजारी मूळ पानं मोठी करून लावायचं काम साडभाऊंकडे आलं. छपाई माझ्याकडे. माझी आत्या त्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली. "मायं नाव हाय ना रे त्याच्यात? मले दाखवजो," असं म्हणत तिनं महिनाभर फोनवर माझं डोकं खाल्लं. साडभाऊंनी तिचं पान शोधून काढलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पण छापू देतील तर शपथ! उद्घाटन उद्यावर आलेलं, आणि हे आत्याच्या पानावरच्या एका निळ्या डागासमोर सकाळपासून ठाण मांडून.

"भाऊ, हा निळा लय ताजा दिसून राह्यला. थोडा थकलेला पाह्यजे."

"मीच थकून राह्यलो ना साडभाऊ! छापू देता का नाही?"

"तुमी काहून तापता? पाच मिनिटं थांबा," म्हणाले, आणि चहाला गेले.

पाच मिनिटांची झाली पंचवीस. मी वैतागून मशीन चालू केलं. मनात आलं, आत्या बिचारी एवढ्या हौसेनं येणार, तिच्या नावापुढे हा घाण डाग कशाला? हात सवयीचाच. मिनिटभरात पान धुतल्यासारखं लख्ख केलं आणि फलक छापलाही.

साडभाऊ परत आले. फलक पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सरळ कॉम्प्युटरसमोर बसले, मूळ पान उघडलं आणि तो डाग मोठा करत गेले. त्यात बारीक रेघा होत्या, गोल गोल फिरलेल्या. शेजारी मास्तरांचं अक्षर: 'शाळा सोडण्याचे कारण – लहान भाऊ सांभाळणे. पालकाची निशाणी.' मी आपलं आत्याचं नाव तेवढं वाचलं होतं. पुढचं वाचलंच नव्हतं.

"तुमच्या आजोबाले सही येत नव्हती, भाऊ," साडभाऊ म्हणाले.

आत्याला एकच भाऊ होता. माझे बाबा.

मी दुसरा फलक छापला. निळा त्यांनी सांगितला तेवढा थकवला.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. चित्रांकडे तिनं बघितलंही नाही. सरळ आपल्या पानाशी गेली, नावावर बोट ठेवलं, बोट सरकत सरकत डागापाशी थांबलं.

"हा माया बाबाचा अंगठा," ती म्हणाली. "मास्तर म्हणे, पोरगी हुशार हाय, कायले काढून राह्यले? बाबानं अंगठा लावला अन् शाईचा हात मायाच परकराले पुसला. लय दिवस धुतला नाही मी तो परकर."

मी साडभाऊंकडे पाहिलं. मी तो डाग पुसला होता, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. ते पलीकडचा फलक अर्धं बोट वाकडा लागलाय म्हणून खिळा काढत होते. अरे, काय माणूस आहे हा!

तेव्हापासून माझ्या धंद्याचं वाटोळं झालंय. वाढदिवसाच्या माणसाच्या सुरकुत्या पुसताना हात अडतो, गिऱ्हाईक कटकट करतं, मी मनातल्या मनात साडभाऊंना शिव्या घालतो. मी धुतलेला तो पहिला फलक अजून दुकानात दाराआड उभा आहे. आत्याचं नाव त्यावर स्वच्छ वाचता येतं. त्यापुढे आजोबा नाहीत, नुसता पांढरा कागद आहे. मला तो फेकवत नाही.