समुद्राला दिलेली हाळी

मुलांनो, आज सकाळी इथं आष्ट्याला कुणीतरी ओढ्यातल्या म्हशींना हाळी दिली आणि मला गुहागरचा तो हिवाळा आठवला. तुमच्या आजोबांनी तिथं पहिल्यांदा डॉल्फिन पाहिले. कोवळ्या उन्हात काळ्या, ओल्या पाठी लाटांतून वर यायच्या आणि पुन्हा बुडायच्या.

“अगं, म्हशीगत डुंबत्यात की!” असं म्हणत त्यांनी तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी दिली.

शेजारची मंडळी वळून हसली.

“अहो, हळू! आपलं शेत आहे का हे?” मी म्हणाले.

ते ओशाळले. पुढचे चार दिवस डॉल्फिन दिसले की नुसतं बोट दाखवायचे.

तेव्हा मला त्यांच्या हाळीची लाज वाटली होती. आता वाटतं, एवढ्या मोठ्या समुद्रावर त्यांच्या आवाजाला केवढी जागा होती, आणि मी त्यांना गप्प केलं.