समईशेजारच्या बाटल्या

शैलेंद्र खांबेटेने आयुष्याची वीसेक वर्षं वाइन विकली आणि एक थेंबही कधी चाखला नाही. दुबईला निघताना आईला तसा शब्द दिला होता, आणि तो वाइनच्या मालकांनाही ठाऊक होता. हॉटेलवाल्यांनी चव विचारली की तो वाइन बनवणाऱ्या आल्दोआजोबांनी पाठ करून घेतलेलं घडाघडा म्हणायचा, चेरी, ओली माती, मागून जरासं तंबाखूचं पान. समोरच्याला वाटे, काय जाणकार माणूस आहे! त्याची बायको अनुपमा म्हणायची, आमच्याकडे न जेवताच ढेकर देतात.

ही वाइन इटलीतल्या एका डोंगराळ गावच्या घराण्याची. आल्दोचे वडील ती पिंपातून विकत आणि गावकरी आपापली भांडी घेऊन येत. आल्दोने ती बाटलीत भरली, वर घराचं चित्र छापलं. त्याच्या मुलाने, सांद्रोने, ती देशोदेशी पोचवली आणि दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका खोलीचं ऑफिस थाटून तिथे शैलेंद्रला बसवलं. माल आणायचं काम परवाना असलेल्या एका बड्या कंपनीचं, हॉटेलांशी नातं राखायचं काम शैलेंद्रचं.

ऑफिस उघडलं तो नेमका दसरा होता. शैलेंद्रने रीतीप्रमाणे लॅपटॉपला, स्टेपलरला आणि एका बाटलीला हळदकुंकू वाहिलं. थकलेला आल्दो मुद्दाम आला होता. त्याने टोपी काढली. आमच्याकडे पाद्री पहिल्या पिंपावर पाणी शिंपडतो, असं म्हणत त्याने आपला अंगठा कुंकवात बुडवून लेबलावर उमटवला आणि ही बाटली विकू नकोस म्हणून बजावलं. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या वर्षीची एक बाटली पूजा होऊन कपाटात गणपतीसमोर, समईशेजारी जाऊन बसे. अर्थात उभी. देवापुढे कोणी आडवं पडतं का?

आता कारभार सांद्रोच्या मुलीकडे, जुलियाकडे आला होता. मुलगी हुशार, बोलायला गोड, पण हिशोबी. बड्या कंपनीने तिला कळवलं होतं की हॉटेलंही आमचीच माणसं बघतील, वेगळं ऑफिस हवं कशाला? हे ठरवायलाच ती दुबईला येत होती. ऑफिस गेलं की नोकरी जाणार, नोकरीमागे व्हिसा, आणि मुलगी ओवी तर बारावीला. "बाबा, इट विल बी फाइन," ओवी म्हणाली. "इन्शाल्ला," शैलेंद्र म्हणाला.

जुलिया आली ती दसऱ्याच्याच सकाळी. पूजा पुढे ढकलावी हे शैलेंद्रला सुचलंही नाही. कपाट उघडं होतं. ती आधी संकोचाने बाजूला उभी राहिली, मग तिची नजर रांगेतल्या पहिल्या बाटलीवर गेली. लेबलावरचा अंगठा कोणाचा, हे शैलेंद्रने सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसलीच. आल्दोच्या हातची ती शेवटची वाइन. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला आणि मर्तिकाला जमलेल्या गावाने ती सगळी संपवली. घरात त्यातली एकही उरली नव्हती.

उघडू का, असं तिने हळूच विचारलं. विकू नकोस म्हणाले होते, उघडू नकोस म्हणाले नव्हते, असा विचार करून शैलेंद्रने मान हलवली.

बुचाचा भुगा झाला. जुलियाने वास घेतला आणि डोळे मिटले. "ही उभीच होती? इतकी वर्षं? दिव्याशेजारी?"

बाटली आडवी असली तरच बूच ओलं राहतं, नाहीतर ते सुकतं आणि आत हवा शिरते. हे ती सांगत होती आणि शैलेंद्रला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वाइन आंबून तिचा पार शिरका झाला होता.

"मॅडम, आजोबांची शेवटची बाटली मी नासवली," तो म्हणाला. नोकरीचं त्याच्या डोक्यातही उरलं नव्हतं.

तिने बाटली खाली ठेवली. मग टेबलावरच्या डब्यात काय आहे, असं तिने विचारलं. अनुपमाने पुरी, श्रीखंड आणि खमंग काकडी दिली होती. जुलियाने काकडी बशीत काढली, वर त्या बाटलीतलं चमचाभर ओतलं आणि खाल्लं.

"पिंप बिघडलं तर आजी फेकायची नाही," ती म्हणाली. "सॅलडवर घालायची." मग बशी तिने त्याच्यापुढे सरकवली. "आता ही वाइन नाही. तुमचा शब्द मोडत नाही."

शैलेंद्रने घास घेतला. चेरी नव्हती, माती नव्हती. नुसतं आंबट, आणि घास उतरल्यावर मागून जरासं तंबाखूचं पान. आजोबा खोटं बोलले नव्हते. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

जुलियाने खिडकीकडे पाहत सांगितलं, "त्या कंपनीच्या गोदामात पन्नास घराण्यांचा माल आहे. तिथे आमच्या बाटलीला कुंकू कोण लावणार? ऑफिस राहू दे. पण यापुढे बाटली आडवी."

"देवापुढे?"

"देवापुढेच."

त्याने यंदाची बाटली गणपतीसमोर आडवी ठेवली. ती घरंगळू लागली, तेव्हा दोन्ही बाजूंना झेंडूची माळ लावून अडवली, आणि समई दूर सरकवली. मग त्याने कुंकवाची वाटी पुढे केली आणि जुलियाने तिच्यात अंगठा बुडवला.