असोद्याची पिक्चरवाली

असोद्याच्या प्रमिलाबाईंना एका जागी बसवत नसे. लग्न होऊन त्या उखर्डूभाऊंच्या घरात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई मुलाला म्हणाल्या होत्या, "उखर्डू, या पोरीच्या पायाले भिंगरी बांधेल हाये."

घर केळी-कापसाचं. सुनेला बाहेर पडायचं तर काम लागायचं. शेतात डबा पोचवणं, दळण टाकणं, देवळात वात लावणं, एवढीच कामं. त्यापलीकडे पाऊल टाकलं की कुठल्यातरी ओट्यावरून आवाज यायचाच, "कुठी चालली व?" आणि "अशीच" हे उत्तर गावात चालत नव्हतं. प्रमिलाबाई भांडी घासून झाली की अंगण झाडत, अंगण झाडून झालं की पुन्हा भांडी घासत. काही नाही तर दारात उभं राहून जळगावकडे जाणाऱ्या मोटारसायकली बघत.

मुलगा नवल चौथीत असताना केळीला चांगला भाव लागला आणि उखर्डूभाऊंनी घरात डिस्कचा प्लेअर आणला. त्याच्यासोबत आलेले पिक्चर आठवड्यात पाहून झाले. मग प्रमिलाबाई एसटीने जळगावला गेल्या आणि स्टँडजवळच्या अभिमनच्या दुकानातून भाड्याने डिस्क घेऊन आल्या. शेजारणीने त्यातली एक मागितली, तिच्या जावेने दुसरी. पुढच्या खेपेला प्रमिलाबाईंनी जास्त आणल्या. वर्षभरात त्यांच्या स्वतःच्या डिस्क झाल्या, त्या ठेवायला कापडी थैली झाली आणि गावाने त्यांना पिक्चरवाली म्हणायला सुरुवात केली.

दुपारी पुरुष शेतात गेले की त्या थैली खांद्याला लावून निघत. या घरातून कालची डिस्क आणि भाडं घ्यायचं, त्या घरात डिस्क द्यायची. कुणी विचारलं, "कुठी चालली व?" तर उत्तर तयार असे: "पिक्चर बदलायले." यावर कुणाला काही म्हणता येत नसे. सासूबाईसुद्धा गप्प राहत, कारण जुने देवादिकांचे पिक्चर त्यांनाही लागत.

त्या थैलीमुळे प्रमिलाबाईंना गावातलं एकही दार बंद राहिलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत त्या जात, भाऊबंदकीत बोलणं तुटलेल्या दोन्ही घरांत जात. एका घरची नवी सून नुसती रडायची, तिला त्यांनी लागोपाठ विनोदीच पिक्चर नेऊन दिले. कुणाचा नवरा गेला तर त्या घरी महिनाभर रिकाम्या हाताने बसून येत आणि मग एक दिवस न विचारता टीव्हीवर डिस्क ठेवून येत. दुपारी चार-पाच जणी एका घरात जमायच्या, शेंगा फोडत, कापूस निवडत पिक्चर बघायच्या. प्रमिलाबाई मात्र कधीच पूर्ण पिक्चर बसून बघत नसत. दहा मिनिटं दाराला टेकून उभ्या राहायच्या आणि पुढच्या घराकडे निघायच्या.

सासूबाई गेल्या, नवल मोठा झाला, त्याचं लग्न झालं. प्रमिलाबाईंची दुपारची फेरी चालूच होती.

मग मोबाईल आले. पहिल्यांदा तरुण पोरांच्या हातात, मग बायकांच्या. एक घर सुटलं, मग दुसरं. कुणी तोंडावर नाही म्हणत नसे. "आज ठेवा मावशी, प्लेअर बिघडेल हाये," म्हणत. दुसऱ्या दिवशी त्याच घरात सून मोबाईल भिंतीला टेकवून भाकरी थापताना दिसे. प्रमिलाबाईंनी हार मानली नाही. एका डिस्कवर दुसरी फुकट दिली. स्वतःचा प्लेअर उचलून घरोघर नेऊन पाहिला. जळगावला जाऊन अभिमनला विचारलं, "अभिमनभाऊ, नवे पिक्चर कधी येतीन?"

अभिमन काउंटरवर मोबाईलची कव्हरं मांडत होता. "नवे आता डिस्कवर येतच नाहीत, ताई. आले तरी घेणार कोण? हे उरलेलं खोकं तुम्ही घेऊन जा. मी भंगारातच देणार होतो."

त्या खोकं घेऊन आल्या. घरी आल्या तर नवल भिंतीवर नवा टीव्ही बसवत होता. तो औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात कामाला होता आणि वायरचं इंटरनेट त्याने त्याच दिवशी घरात घेतलं होतं.

"आई, हे पाह्य," नवल रिमोट दाबत म्हणाला. "महिन्याचं एकदा भरलं की हजारो पिक्चर. मराठी, हिंदी, साऊथचे, सगळे. ते खोकं कशाले आणलं आता?"

प्रमिलाबाईंनी खोकं खाली ठेवलं नाही. "माझ्याच घरात लावलं तू हे?"

"त्यात काय झालं? तुले आता उन्हातान्हात फिरायचं काम नही. बसल्या जागी सगळं भेटीन."

"बसल्या जागी!" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि खोक्यासकट मागच्या खोलीत निघून गेल्या.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. दुपारी थैली घेऊन त्या दारापर्यंत जात आणि परत येत. डाळ निवडायला घेत आणि अर्धी सोडून उठत. कपाटातलं सामान काढून पुन्हा लावत. सून हेमांगी समजूतदार होती. तिने एकदा शेजारी बसवून घेतलं, "आई, तुम्हाला आवडतो तसा पिक्चर लावून देते." पिक्चर लागला. प्रमिलाबाई दहा मिनिटांनी उठल्या, पण जायला पुढचं घर नव्हतं. त्या नुसत्याच गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या. खाली गल्ली रिकामी होती. प्रत्येक घरातून वेगवेगळा आवाज येत होता.

दिवाळीनंतर कापूस वेचायला सातपुड्यातली माणसं आली. दरवर्षी यायची. उखर्डूभाऊंच्या शेतात बिजलीबाई आणि तिचा नवरा रुपसिंग उतरले. डबा घेऊन गेलेल्या प्रमिलाबाई बांधावर बसल्या, तेव्हा बिजलीबाईने विचारलं, "आक्का, यंदा पिक्चर नाही आणला?" मागच्या वर्षी प्रमिलाबाईंनी घरच्या मागच्या खोलीत मजूर बायकांना बोलावून पिक्चर दाखवला होता.

"कोण पाह्यतं आता? सगळे मोबाईलवर पाह्यतात."

"आमच्या पाड्यात नाही पाहत," बिजलीबाई म्हणाली. "तिकडे रेंज नाही. टीव्ही आहे माझ्या घरात, लाईट पण आहे. तू ये."

ते बोलणं प्रमिलाबाईंच्या डोक्यातून निघेना. वेचणी संपून मजूर परत गेले. संक्रांतीनंतर एका सकाळी त्यांनी प्लेअर फडक्यात गुंडाळला, थैली भरली आणि चोपड्याची गाडी धरली. उखर्डूभाऊंना इतकंच सांगितलं, "बिजलीच्या गावाले जाऊन येते, सांजच्याले परत." त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

चोपड्याहून काळ्या-पिवळ्या जीपने पुढे आणि मग पायी. बिजलीबाईच्या घरासमोर सगळा पाडा जमला. मारामारीचा पिक्चर होता. डिस्क मध्येच अडकली, प्रमिलाबाईंनी ती पदराला पुसून पुन्हा घातली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ महिन्यांनी त्यांचा जीव हलका झाला. परतीच्या गाडीत त्या पुढच्या खेपेला कुठल्या डिस्क न्यायच्या याचाच विचार करत होत्या.

पुढची खेप होळी झाल्यावर झाली. या वेळी घरासमोर चार म्हाताऱ्या आणि लहान लेकरं तेवढी आली. प्रमिलाबाईंनी विचारलं, "बाकीचे कुठी गेले?"

रुपसिंग ओशाळला. त्याने खिशातून फोन काढला. "आक्का, त्या टेकडीवर चढलं की रेंज मिळते. पोरं तिथून पिक्चर उतरवून आणतात. मग सगळे आपापल्या फोनमध्ये घेतात. मी पण घेतला."

प्रमिलाबाईंनी टेकडीकडे पाहिलं. माथ्यावर सात-आठ माणसं हात उंचावून उभी होती. त्यांनी प्लेअरची वायर काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाल्या, "मी निघते." पण शेवटची जीप निघून गेली होती.

त्यांनी रुपसिंगचा फोन मागून घेतला आणि टेकडी चढून घरी लावला.

"आज येत नही. बिजलीकडे राहते."

उखर्डूभाऊंचा आवाज चढला. "परक्या गावात राह्यशीन? बाईमाणसानं असं करायचं असतं का? गाव काय म्हणीन?"

प्रमिलाबाई बोलून गेल्या, "गाव मोबाईल पाहू राह्यलं. गावाले कुठी फुरसत हाये?"

पलीकडून उखर्डूभाऊंनी फोन ठेवून दिला. प्रमिलाबाईंनी फोन कानावरून काढला. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आलं. खरंच, गेल्या कित्येक महिन्यांत ओट्यावरून कुणी "कुठी चालली व?" असं विचारलं नव्हतं. नेहमी विचारणारी ओट्यावरची म्हातारीसुद्धा नातवाच्या फोनमध्ये तोंड घालून बसलेली असे. आणि आपण मात्र थैलीचं कारण उरलं नाही म्हणून घरात कोंडून घेतलं होतं. त्यांना हसू आलं आणि रागही आला, स्वतःचाच.

पहाटे बिजलीबाई मोहाची फुलं वेचायला निघाली, त्याही निघाल्या. झाडाखाली रसरशीत फुलांचा सडा पडला होता, जंगलभर गोड वास होता. वेचायचं, पुढच्या झाडाकडे जायचं, वेचायचं, पुन्हा पुढे. ऊन चढेपर्यंत प्रमिलाबाई एकदाही बसल्या नाहीत. "आक्का, तू तर आमच्यातलीच आहे," बिजलीबाई हसून म्हणाली. तिच्या घरात डिंक होता, बिब्बे होते. चोपड्याचा व्यापारी पडेल भावात उचलायचा. प्रमिलाबाईंनी विचारलं, "आमच्या गावात बाळंतिणीले हा डिंक कुठी भेटतो? मी नेऊ का?"

डिस्क त्यांनी रुपसिंगच्या घरात ठेवल्या. दोन म्हाताऱ्यांना फोन चालवता येत नव्हता, त्यांच्यासाठी प्लेअरही ठेवला. येताना डिंक आणला.

घरी उखर्डूभाऊंनी दोन दिवस डिंकाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डिंकाचा खडा उचलून पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला हाये." नवलने डोक्याला हात लावला. हेमांगीने मात्र फोनवरून गावातल्या बायकांना कळवलं आणि संध्याकाळपर्यंत डिंक संपला.

आता त्याला दोन वर्षं झाली. प्रमिलाबाई महिन्यातून दोनदा पाड्यावर जातात. हिवाळ्यात डिंक, उन्हाळ्यात चारोळी. असोद्याची केळी आणि वेफर तिकडे नेतात. जामनेरच्या बाजारातही एकदा जाऊन बसल्या, पण बसावं लागतं म्हणून पुन्हा गेल्या नाहीत. घरोघरच जातात. जीव शांत झाला असं नाही. एखाद्या दुपारी रिकाम्या गल्लीत उभ्या राहिल्या की पाच जणींच्या हसण्याचा तो आवाज आठवतो. अशा वेळी त्या भराभर चालतात.

परवा त्या दिपमालाच्या दारात गेल्या. मागच्या गल्लीतली ही लग्न होऊन नुकतीच आलेली पोर. तीनदा हाक मारली तरी उत्तर नाही. आत डोकावल्या तर ती कानात हेडफोनच्या बोंड्या घालून फोन बघत होती. प्रमिलाबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक माणूस रडत होता, आवाज काहीच येत नव्हता. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली.

"हा काऊन रडतो व?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

दिपमालाने एक बोंडी काढली. "बसा ना मावशी. लंबी कथा आहे. याचा भाऊ आहे ना, त्याने याला फसवलं..." ती सांगू लागली. सांगता सांगता तिने दुसरीही बोंडी काढली, फोन थांबवून पालथा ठेवला आणि मांडी घालून नीट बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सकाळपासून ती कुणाशी बोललीच नसावी.

प्रमिलाबाई नेहमीप्रमाणे दाराला टेकून ऐकत होत्या. दहा मिनिटं झाली असतील. त्यांचे पाय चुळबुळ करू लागले. मग त्यांनी चारोळीची पिशवी खाली ठेवली आणि त्या पोरीसमोर फरशीवर बसल्या.

"मंग?" त्यांनी विचारलं. "मंग काय झालं?"