बारवीच्या खोऱ्यातला स्पष्ट फोटो

शाळांमधून पक्ष्यांवर व्याख्याने देण्याचे काम आमच्या निसर्ग-अभ्यास संस्थेने माझ्याकडे दिले, तेव्हा मुलांना दाखवायला आमच्याकडे घरट्याचा एकही धड फोटो नव्हता. मी प्राणिशास्त्र शिकलेली, कॅमेरा चालवता येणारी. एप्रिलच्या शेवटी तीन दिवसांसाठी मी ठाण्याहून एकटी निघाले.

आधी उल्हासनगरला उतरले. लष्करी तंबूंचे जुने कापड तिथे चांगले मिळते. फाळणीनंतर तिथल्या छावणीत आलेल्या सिंधी दुकानदाराने विचारले, "शादी का मंडप है, बेटी?"

"नाही. आडोशाला बसून पक्षी बघायचेत."

"वाह! हम आठ जन एक बैरक में, हमको पर्दा नहीं. पंछी को पर्दा!" तो हसला आणि कापड हातभर जास्तच फाडून दिले.

रात्र बदलापूर गावात ओळखीच्या घरी काढली. तिथून बारवीच्या खोऱ्याकडे अर्धी वाट बैलगाडी जाते; गाडीवाला दीड रुपया मागतो, सव्वावर येतो. पुढे दीड तास चाल आहे. पाणी बरोबर घ्यावे, वाटेत सावली कमी.

ठाकरवाडीतल्या सगुणाबाईंनी घरटे दाखवले. करवंदीच्या जाळीत, छातीच्या उंचीवर, कोळिष्टकाने लिंपलेली वाटी. आत नाचऱ्या पक्ष्याची तीन पिल्ले. "आठ दिस झालं, शेरडं दुसऱ्या वाटंनं नेते मी," त्या म्हणाल्या. "हितं तोंड लावतील म्हनून."

पाल्यामुळे घरट्यावर सावली पडत होती. मी कात्री काढली.

"बाई, पाला नका काढू. उघडं पडंल."

"उजेड लागतो," मी म्हटले आणि अकरा डहाळ्या कापल्या. डहाळ्या दोऱ्याने बाजूला बांधायच्या आणि काम झाले की सोडायच्या, ही रीत मला शिकवलेली होती. दोरा पिशवीत होता. बांधायला अर्धा तास गेला असता आणि ऊन कलायला लागले होते. कापडाचा आडोसा उभारून त्यातून फोटोच्या चार प्लेटा घेतल्या. तासाभरात आईबाप एकोणीस वेळा चारा घेऊन आले, त्याचीही नोंद केली.

रात्र वाडीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते.

मी सरळ वाडीत गेले आणि चारचौघांदेखत विचारले, "घरट्याला कोणी हात लावला? पोरांनी काढली का पिल्लं?"

सगुणाबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. "कुकुडकोंब्यानं नेली," त्या म्हणाल्या. भारद्वाजाला तिथे कुकुडकोंबा म्हणतात. "उजाडताना आला. म्या दगुड मारला, तवर दोन गेली व्हती. तिसरं खाली पडून मेलं. त्याला लांबून दिसलं असंल सगळं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन हात म्हनाल तर तुमीच लावला, बाई."

त्यानंतर त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, कारण पुढे लांब चालायचे होते. मी खाल्ली. चुकले, एवढे म्हणायला पुरेसा वेळ होता. मी परतीच्या बैलगाडीची वेळ विचारली.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर जरूर जा. एप्रिलमध्ये करवंदे पिकू लागतात, वाडीतली माणसे वाट दाखवतात. कात्री मात्र घरी ठेवा आणि तिथले कोणी काही सांगितले तर ऐका.

फोटो अतिशय स्पष्ट आला. पिल्लांच्या घशातला पिवळा रंग काळ्यापांढऱ्यातही जाणवतो, असे संस्थेतले आमचे सर म्हणाले. घडले ते मी त्यांना सांगितले. "अहवालात ‘भारद्वाजाने नेली’ एवढंच लिहा. ते खोटं नाही," ते म्हणाले. मी तेवढेच लिहिले.

जूनमध्ये अंबरनाथच्या मुलींच्या एका शाळेत तो फोटो पडद्यावर दाखवला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, मग ती मोठी झाली का?"

"झाली," मी म्हटले. "उडून गेली."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यान संपवून मी स्टेशनवर आले. बदलापूर तिथून एकच स्टेशन पुढे. त्या बाजूची गाडी आधी आली. ती मी जाऊ दिली आणि ठाण्याची धरली.