सपोर्ट संपलेल्यांची पोपटी

भांबुर्ड्याचा पाला आचेला लागला की त्याला एक कडवट, ओव्याशी सोयरीक सांगणारा वास सुटतो. माघातल्या त्या उतरत्या उन्हात त्या वासात आणखी एक वास मिसळला होता: मुरलेल्या धुळीचा, जुन्या डाखाचा, वर्षानुवर्षं एकाच पंख्याखाली भाजून निघालेल्या तारांचा. पहिला मडक्यातून येत होता, दुसरा माझ्या कॉम्प्युटरमधून. पोपटी लावायला, म्हणजे पाल्यानं गच्च भरलेलं मडकं जाळात भाजायला, आमच्याकडे माणसं वालाच्या शेंगा आणतात, अंडी आणतात, कोणी मसाला चोळलेली कोंबडी आणतो. मी स्कूटरवर पायांशी, चादरीत गुंडाळून, आजारी नातलगाला न्यावं तशा बेतानं पेणहून गडबपर्यंत एक अख्खा सीपीयू आणला होता. हायवेवरच्या खड्ड्यांतून इतक्या हळू आलो की एका म्हशीनं मला ओव्हरटेक केलं आणि पुढे जाऊन वळून पाहिलं. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

मी पेणला स्टिकर आणि स्टेन्सिल कापून देण्याचं दुकान चालवतो. जोह्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या पीतांबराला जो झळाळता काठ येतो, त्याच्याखाली बहुधा माझ्यासारख्या कोणाची तरी स्टेन्सिल असते. चिकट कागदात नक्षी कोरायची, तो कागद मूर्तीवर बसवायचा, वरून स्प्रेगनचा फवारा. माझं कागद कापायचं यंत्र फक्त असल्या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकतं, आणि हा कॉम्प्युटर अजून विंडोज अठ्ठ्याण्णववर चालतो. ज्या प्रोग्रॅममध्ये मी नक्षी काढतो त्याला एक बोटाएवढं कुलूप लागतं, डोंगल म्हणतात ते. ते पाठीमागच्या रुंद पोर्टात खोचल्याशिवाय प्रोग्रॅम दारच उघडत नाही. नव्या कॉम्प्युटरांना ते पोर्टच नसतं. म्हणजे किल्ली माझ्या हातात आणि भोक मात्र जगातून नाहीसं झालेलं, अशी ही अवस्था.

पुण्याला असलेला माझा मुलगा निरंजन दर दिवाळीला मला समजावतो की बाबा, त्याचा सपोर्ट केव्हाच संपला. सपोर्ट संपला म्हणजे काय? माझ्या गुडघ्यांचाही सपोर्ट संपला आहे, म्हणून मला कोणी भंगारात दिलेलं नाही. एकदा त्यानं दिलेल्या बऱ्यापैकी नव्या लॅपटॉपवर एका सकाळी पाटी झळकली की आपलं मशीन पुढच्या आवृत्तीस पात्र नाही. चहाचा कप हातात तसाच राहिला. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्या टेबलावर बसलेलं यंत्र पात्र की अपात्र, हे समुद्रापल्याडून ठरवणारा तू कोण? त्या दिवशी मी ठरवलं की अठ्ठ्याण्णव आणि मी, दोघांपैकी जो आधी थांबेल त्याला दुसरा खांदा देईल.

आणि नेमका त्या माघात तो थांबला. बटण दाबलं की पंखा फिरे, दिवा लागे आणि पडदा काळाच राही, पावसाळ्यात बंद पडलेल्या मिठागरासारखा निमूट. आत होती कोयरीवेल. जोह्याच्या सुमनवहिनींच्या कारखान्याची ओळख म्हणजे तो काठ. कोयरीतून फुटणारा मोहोर, मोहोरातून पुन्हा कोयरी, अशी न संपणारी वेल. माल बघणारे मुखड्याच्या आधी मूर्तीच्या पायाशी वाकून काठ बघत आणि म्हणत, सुमनताईंचा माल. परदेशी जाणारा त्यांचा पहिला लॉट रंगाला लागला होता, कंटेनर ठरला होता. सोमवारपर्यंत काठ मिळाला नाही तर बाजारातली तयार स्टेन्सिल लावीन, असं त्यांनी मला फोनवर शांतपणे सांगितलं. ही बाई ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून ती पोपटी. आम्ही तिघं दर माघात गडबला शरदच्या शेतावर जमतो. भात निघून गेल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर त्याचा वाल असा तरारतो की शेंगा आपणहून मडक्यात उड्या मारतात. शरदचा सारा जन्म धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये चालला आहे, शिफ्ट मोजत आणि आकडे बघत. हमीदभाई रोह्याचे, उमेदीची वर्षं आखातात एका मालवाहू कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरांची देखभाल करण्यात काढून परतले, ते लिनक्सचे भक्त होऊनच. आमच्या ओळखीला कारण एकच, आणि ते म्हणजे बंद पडलेली यंत्रं. आमचा रिवाजही एकच: आधी गोष्ट, मग स्क्रू. बिघडलेलं मशीन समोर ठेवायचं, मडक्याभोवती जाळ लावायचा, आणि प्रत्येकानं आपल्या यंत्राचा एक किस्सा सांगायचा; ज्याचा किस्सा सर्वांत रंगेल त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर. थाप कितीही मोठी चालेल, मात्र तिच्यातला बिघाड खरा हवा. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण घाईघाईनं उघडलेली यंत्रं आम्ही तिघांनी इतकी मारली आहेत की तासभर थापा ऐकून हात थंड करणं हीच आमची विद्या झाली आहे, आणि थापांच्या भुशातून एखादा खरा बिघाड आपल्या उपयोगाचा निघतो तो वेगळाच.

शरदनं कंट्रोल रूममधल्या एका मशीनची कथा लावली. ते इतकी वर्षं बंदच केलं नव्हतं म्हणे की नव्या कामगारांना वाटे बंद करायचं बटण शोभेचं आहे. दसऱ्याला त्याला हार पडे, आणि एका साहेबानं ते बंद करण्याचा हुकूम काढला तेव्हा त्या साहेबाचीच बदली झाली. मी भोगावतीच्या पुरात वाहून गेलेल्या माझ्या मशीनचं सांगितलं: अंतोऱ्याच्या खाडीत कोळ्यांच्या जाळ्यात ते सापडलं तेव्हा पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे मासे पोहत होते, आणि जाळ्यातले मासे त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. बिघाड खरा होता, फ्लॉपीच्या खणात पाणी शिरलं होतं. हमीदभाई मात्र संथ लयीत बोलतात, वाळूत पाय रोवून चालावं तसे. आखातातल्या वादळानंतर त्यांच्या ऑफिसातलं मशीन पंखा फिरवी, दिवा लावी, पण पडदा काळा. उघडलं तर घमेलंभर वाळू निघाली, आणि प्रोसेसरच्या उबेला संसार थाटून बसलेला एक विंचू, बायकोपोरांसकट. विंचवाला त्यांनी सन्मानानं बाहेर सोडलं, मेमरीची पट्टी काढली, तिचे काळवंडलेले दात शाळेतल्या खोडरबरनं घासले, आणि मशीन बोलू लागलं.

शरद माझ्याकडे पाहू लागला, मी हमीदभाईंकडे. पेणच्या खाऱ्या वाऱ्यानं आखाताच्या वाळूचंच काम केलं असणार. स्क्रू-ड्रायव्हर बिनविरोध त्यांच्या हाती गेला. पडवीतल्या बाजेवर सीपीयू आडवा झाला, शरदच्या घरात जुना मॉनिटर आणि खोडरबर मिळाला, आणि हमीदभाईंनी ती पट्टी अशी घासली जशी आई बाळाच्या कानामागची माती काढते. बटण दाबलं. एक बारीक टिटकारी झाली, आणि पडद्यावर ती जुनी निळाई उगवली. प्रोग्रॅम उघडला. कोयरीवेल उघडली. दिवस बुडायच्या त्या धूसर वेळी, वालाच्या मळ्यासमोर, शेणानं सारवलेल्या पडवीत ती वेल अशी उजळली की क्षणभर मला आपण तिघंही फार तरुण असल्याचा भास झाला.

कोणताही शहाणा माणूस अशा वेळी एकच गोष्ट करील: नक्षी दुसरीकडे उतरवून घेईल. आम्ही शहाणे नव्हतो, आम्ही जाणकार होतो. चालू लागलेल्या यंत्राला हात न लावणं जाणकाराला जमत नाही. शरदला पंख्याचा सूर बारीकसा खटकला आणि तो तेलाची बाटली शोधू लागला. हमीदभाईंना नुसती फाइल उतरवणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी पिशवीतून आपली डिस्क काढली, अख्खं मशीनच उतरवून घेऊ म्हणाले, म्हणजे पुन्हा चिंता नको. त्यासाठी आधी मशीन बंद करायला हवं होतं, तसं ते म्हणालेही. आणि मी, ज्याच्याकडे म्हैससुद्धा वळून पाहते असा मी, छाती पुढे काढून म्हणालो की माझ्या अठ्ठ्याण्णवला बंद करावं लागत नाही, चालू असतानाच जोडा.

"विनायकशेठ, विचार करा," हमीदभाई म्हणाले.

"पुरातून वाचलेलं मशीन आहे," मी म्हणालो.

चर्र असा आवाज झाला. मला वाटलं मडक्यावर पाणी शिंपडून कोणी पोपटी झाली का ते बघतंय. पण मडक्यापाशी कोणी नव्हतं. पडदा गेला, आणि माझ्या मशीनच्या डिस्कच्या पोटात टकटक सुरू झाली, दार आतून वाजवावं तशी. मग तीही थांबली. मागून कळलं की मडकंही कोणी उतरवलेलं नव्हतं, आणि आतल्या शेंगांचा कोळसा झाला होता.

बॅकअप होता. आमच्यात एकाचा बॅकअप दुसऱ्याच्या घरी ठेवायची रीत आहे, म्हणजे आग लागो, पूर येवो, काही बुडत नाही. माझा रोह्याला हमीदभाईंच्या डिस्कवर होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दिवाळीनंतर एक नवं लिनक्स आलं होतं, ते करून बघायला त्यांना एक रिकामी डिस्क हवी होती, आणि त्या वेळी ती रिकामीच वाटली. मला रागावता येईना. त्यांचा माझ्याकडे ठेवलेला बॅकअपही मी असाच कधीतरी रिकामा समजलो होतो. जपणुकीसाठी आम्ही जी माणसं निवडली होती ती जगातली सर्वांत चुळबुळी माणसं होती.

सोमवारी सकाळी जोह्याला निघताना निरंजनचा फोन आला. आता तरी नवीन घ्या म्हणाला. मी म्हटलं, हमीदभाईंच्या माळ्यावर रुंद पोर्टवाला एक आहे, तो उतरवतोय.

जोह्याला कारखान्यात पांढऱ्या मूर्ती रांगेनं उभ्या होत्या, काठाशिवाय, पीतांबरावर तेवढा पहिला पिवळा हात घेऊन. दारातून येणाऱ्या उन्हात रंगाची धूळ तरंगत होती. सुमनवहिनींना मी सर्व सांगितलं. सांगताना पुराची, विंचवाची एकही थाप मध्ये आली नाही, हे माझं मलाच नवल. जुनी एखादी स्टेन्सिल असेल का, विचारलं. रंगानं बुजलेल्या स्टेन्सिली हंगाम संपला की त्या टाकूनच देतात. मूर्तींचे फोटो पाहिले. फोटो ढिगानं होते, पण माणसं देवाचा चेहरा काढतात, काठ मोदकांच्या ताटामागे, दुर्वांच्या जुडीमागे. कुठे अर्धी कोयरी, कुठे मोहोराचं टोक. मूर्ती म्हणाल तर त्या वर्षानुवर्षांच्या सर्व मूर्ती पाण्यात.

सुमनवहिनींनी हातातला ब्रश पाण्यात खळबळला.

"भावजी, आमचा काठ तर दर साली बुडतो. तुमचा यंदा पहिल्यानं बुडाला," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत थांबते. पुढं नाय."

रोह्याला, कुंडलिकेकडे उघडणाऱ्या हमीदभाईंच्या खिडकीशी, माळ्यावरचं ते धूड बसवलं. जुन्या सीडीवरून प्रोग्रॅम चढवला, कुलूप खोचलं, आणि मी कोयरी काढायला बसलो. शरद शिफ्ट सुटून कंपनीच्या कपड्यांतच येई आणि पाठीमागे उभा राहून सांगे की पोट अजून भरीव होतं. हमीदभाई म्हणत, छे, सडपातळ होतं, शेंडा मात्र वळलेला. मला दोघांचंही पटे आणि दोघांचंही पटत नसे. फोटोतली अर्धी कोयरी पडद्यावर मोठी केली की तिचे चौकोनी तुकडे होत. वादळात दिशा चुकलेल्या तीन नाविकांसारखे आम्ही त्या एका वळणाभोवती भांडत राहिलो, आणि भांडताना कितीदा तरी मला वाटलं की निरंजनला फोन करावा, हरलो म्हणावं. पण मग समोरचं ते जुनं, घरघरणारं, अपात्र ठरलेलं यंत्र माझ्या हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर रेघ ओढत असे, एकही पाटी न दाखवता, आणि मी पुन्हा माउस धरी. दर रेघेला फाइल सेव्ह करत होतो मात्र. आणि हमीदभाईंना त्या डिस्कपासून दूर बसवलं होतं.

गुरुवारी ते धूड पेणच्या यंत्राला जोडून स्टेन्सिल कापली आणि ती घेऊन जोह्याला गेलो. सुमनवहिनींनी ती दाराकडे धरली. कोरलेल्या जागांतून ऊन पाझरलं आणि त्यांच्या लुगड्यावर कोयऱ्यांची रांग उमटली. त्यांनी एका कोयरीवर बोट ठेवलं.

"ही कोयरी जास्त वाकली हाय."

मी लगेच सांगू लागलो की मूळचीच तशी होती, तुमच्या लक्षात नसेल, अगदी पहिल्या वर्षापासून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ती थाप अर्ध्यावरच सोडली.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि एका मोठ्या मूर्तीच्या पायाशी बसून त्यांनी ती पीतांबरावर चिकटवली, कडा अंगठ्यानं दाबल्या, फवारा मारला. कागद उचलला तेव्हा ओला सोनेरी काठ थरथरल्यासारखा चमकला. वेल नवी होती, पण चालत होती, कोयरीतून मोहोर, मोहोरातून कोयरी. मी जवळ वाकून पाहिलं. आधीची किती वाकलेली होती, हे आठवायचा मी खरोखर प्रयत्न केला. काही केल्या आठवेना, आणि आठवत नाही याचं जेवढं दुःख व्हायला हवं होतं तेवढं काही होईना. सुमनवहिनी पुढच्या मूर्तीकडे सरकल्या होत्या. मी उठून त्यांना कागदाची दुसरी कड धरू लागलो.