तिजेचा घोर

माझा नवरा अंबरनाथला आनंदनगरात एका कंपनीत प्रेस मशीन चालवतो. पावसाळ्यात त्याच्या अंगठ्याचं नख गेलं. दिवाळी सरते न सरते तोच तापलेल्या पत्र्याने मनगट भाजलं. दोन्ही वेळा घरी येऊन म्हणाला, "किरकोळ इजा आहे गं." त्या 'किरकोळ'चा मला भयंकर राग येतो. किरकोळीत कांदे घ्यावेत.

सासूबाईंनी मात्र दुसराच शब्द पकडला. "इजा झाली, बिजा झाली," त्या म्हणाल्या, "आता तिजा चुकायची नाय." त्या मूळच्या कोकणातल्या. काहीही दोनदा घडलं की तिसऱ्यांदा घडणारच, हा त्यांचा कायदा. मी हेंद्रेपाड्यात घरीच मराठीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, "आई, तुमची इजा मोजण्यातली, म्हणजे पहिली खेप. ह्याची इजा लागण्यातली. नुसता आवाज सारखा आहे."

एवढं शहाणपण सांगितलं आणि माझंच डोकं ठिकाणावर राहीना. तो कामावर गेला की भाजी निवडताना तिजा, कपडे वाळत घालताना तिजा. मुलांना विरुद्धार्थी शब्द देताना फळ्यावर 'उपाय' लिहिलं आणि पुढे 'अपाय' लिहायला हातच उचलेना. मुलं म्हणाली, "मिस, तबियत ठीक नहीं क्या?" मी त्यांच्यावरच खेकसले.

एका सकाळी सासूबाईंनी कान तुटलेला कप मोरीत आपटून फोडला. "घे, झाली तिजा. सुटलो."

"कप फुटला ते नुकसान, आई. इजा जिवालाच होते." माझ्या जिभेला हाड नाही. त्यांनी तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला होता. मी पोळ्या करत होते. तवा चांगला तापला होता. चुकून लागलं असं सांगता येईल, पण खोटं कशाला बोलू? मी मुद्दाम बोट टेकवलं. डोळ्यांत पाणी आलं. वेडेपणा होता, पण करून फार हलकं वाटलं.

मलम शोधायला आत गेले, तर सासूबाई विळीपाशी बसून बोटाला चिंधी गुंडाळत होत्या. चिरायला समोर काहीच नव्हतं. त्यांनी माझं बोट पाहिलं.

"तू पण?"

"हो."

आम्ही दोघी खो खो हसलो. मग त्यांचंच हसू आधी थांबलं.

"म्हंजे आता चवथी झाली की गो."

"चौथीला काय म्हणतात, आई?"

त्यांना माहीत नव्हतं. मलाही आठवेना.

"त्याला फोन लाव," त्या म्हणाल्या.

मशीनवर असताना तो उचलत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. रिंग वाजून बंद झाली. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद झाली. "अजून एकदा लाव," असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.